मकबूलभाईंचा कान

आम्ही गारखेड्यातल्या रो-हाउसमध्ये राहायला आलो, त्या दिवशी आमचं कपाट जिन्यात अडकलं होतं आणि आम्ही सगळे एकमेकांवर ओरडत होतो. तेवढ्यात पांढऱ्या लेंगा-सदऱ्यातला एक उंच, वाळका गृहस्थ फाटकातून सरळ आत शिरला. ना राम राम, ना सलाम. हातात फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर. माझी बायको सुनीता घाबरून माझ्या मागं सरकली. गृहस्थ पाण्याच्या चालू मोटारीपाशी उकिडवा बसला, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला टेकवलं, मुठीकडची बाजू कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही कपाट हवेत धरून उभे. अर्ध्या मिनिटानं त्यानं डोळे उघडले, खिशातून खडू काढला आणि मोटारीवर ठसठशीत फुली मारली.

"बेरिंग गेली. दीड महिना चालंल," तो म्हणाला. "मी मकबूल, बाजूचा. घरी चाय ठेवलीय, या."

मोटार एक्केचाळिसाव्या दिवशी बंद पडली. मी कौतुकानं सांगायला गेलो, तर चार दिवस आधी पडली म्हणून मकबूलभाईंनी माझ्याकडंच संशयानं पाहिलं. "टाकी भरल्यावर बी चालूच ठेवता काय?" ठेवत होतो. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर खोटं बोलण्याच्या भानगडीत पडलो नाही.

मकबूलभाई वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं नोकरीला होते. काम काय, तर ऐकणं. आमच्या मोजणी ऑफिसात आम्ही सगळेच दिवसभर ऐकून घेतो, पण त्याचा कुणी पगार देत नाही. त्यांना द्यायचे. काचेच्या एका बंद खोलीत तयार झालेलं इंजिन यायचं, सुरू व्हायचं, मकबूलभाई पाच-दहा श्वास होईपर्यंत ऐकायचे आणि त्याला हिरवी चिठ्ठी लावायचे नाहीतर लाल. लाल म्हणजे 'रिवर्क', परत खोलून दुरुस्त करा. मोठमोठे इंजिनिअर कागद घेऊन भांडायला यायचे. हे कागदाकडं बघायचेसुद्धा नाहीत. "कागद खोटं बोलतो, साब. माणूस बोलतो. आवाज खोटं बोलत नाय."

निवृत्त झाल्यावर चिठ्ठ्या संपल्या आणि खडू आला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मोटारीवर, कूलरवर, पिठाच्या घरगुती चक्कीवर त्यांची खूण आहे. बरोबर असेल तर बरोबरची, नसेल तर फुली. सुनीताच्या मिक्सरवर त्यांनी फुली मारली तेव्हा ती पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही, कारण मिक्सर माहेरचा होता. एवढ्या तयार कानाला माहेरची वस्तू म्हणजे काय ते मात्र कधी ऐकू आलं नाही.

माणसांनाही सोडत नसत. आमच्या गल्लीचे सेक्रेटरी साळुंके. त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला होता. मकबूलभाई तिथं खुर्च्या द्यायला गेले होते. मुलगा एकदा खोकला. मकबूलभाई साळुंक्यांच्या कानात म्हणाले, "सायलेन्सर फुटलाय." कानात म्हणाले, म्हणजे तसं त्यांना वाटलं. सगळ्या बैठकीनं ऐकलं. मुलगा लाजला आणि त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून साळुंक्यांच्या टीपॉयवर ठेवलं. लग्न झालं, सिगारेटही सुटली. पण जावई अजून आमच्या गल्लीत खोकत नाही.

एकदा आम्ही दोघं रिक्षानं औरंगपुऱ्यात निघालो होतो, माझा चष्मा आणायला. अर्ध्या वाटेत त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. "ह्याचा दम कोंडतोय," म्हणाले. रिक्षावाला स्वतःची छाती चाचपायला लागला. मग भर रस्त्यात सीट उचलून यांनी इंजिनाचं काहीतरी पिळलं, रिक्षावाल्याला तीनदा ऐकवलं, त्याच्याकडून 'फरक पडला' असं वदवून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा चष्म्याचा दुकानदार जेवायला गेला होता.

त्यांची बायको नसीमभाभी याच्या अगदी उलट. मकबूलभाई ऐकायचे, भाभी बोलायच्या. सकाळी दूधवाल्यापासून जी सुरुवात व्हायची ती चालूच. कोथिंबीर कशी सडकी निघाली, खुलताबादच्या मावशीचे गुडघे, पुण्याला मुलीकडं, यास्मिनकडं, बाराव्या मजल्यावर चिमणीसुद्धा कशी येत नाही, मागच्या गल्लीतल्या कुणाचं कुणाशी जमलं आणि का जमायला नको होतं. मकबूलभाई गाडीखाली आडवे आणि भाभी ओट्यावर लसूण सोलत बोलतायत, हे चित्र आम्ही रोज बघायचो. गाडीखालून दर दोन-तीन मिनिटांनी एक "हौ" यायचा. मी एकदा विचारलं, "खरंच ऐकता का हो?"

"साब," ते गाडीखालून म्हणाले, "दिवसभर ऐकूनच नोकरी केली. आता घरी बी ऐकायचं?"

भाभींनी ते ऐकलं आणि त्यावरही पंधरा मिनिटं बोलल्या.

गाडी म्हणजे दुधी रंगाची जुनी अँबेसेडर. खुलताबादला एका डॉक्टरांच्या गोठ्यात पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मकबूलभाईंनी ती दोरी बांधून घरी आणली. वर्षभर खोलून बसले. वर्षानंतर गाडी अशी चालायला लागली की मागून आली तर कळायचंच नाही. साळुंके दोनदा दचकून गटारात पाय घालून बसले. तिचं बॉनेट उघडून मकबूलभाई आल्यागेल्याला म्हणायचे, "ऐका! काय ऐकू येतंय?" आपण "काहीच नाही" म्हणायचं. मग ते लग्नातल्या वरबापासारखे खूश.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात भाभी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. चाळिसावा झाला, पाहुणे पांगले, आणि त्यानंतर काही दिवसांनी ती गप्प गाडी बोलायला लागली.

खट्-खट्-खट्-खट्. रोज सकाळी सहाला. मकबूलभाई गाडी सुरू करायचे, जागेवरच चालू ठेवायचे आणि चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायचे. चांगला अर्धा तास. सगळी गल्ली अंथरुणात उठून बसायची.

"टॅपेट," मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं. इंजिनाच्या डोक्यावर आठ झडपा असतात, त्यांना मेकॅनिक लोक वाल म्हणतात. त्या दाबून उघडायला वर आठ लोखंडी बोटं असतात. बोट आणि वाल यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवायची असते. ती वाढली की बोट वालवर आपटतं. हे ज्ञान त्यांनी मला स्टीलच्या वाटीवर चमचा आपटून दिलं. वाटी सुनीताची होती.

"मग फट कमी करा की."

"थोडा वाजला पायजे. एकदम गप केला तर वाल बसत नाय, जळतो. वाजणाऱ्याला काय होत नाय, साब."

थोडा वाजला पाहिजे हे खरंच असेल. पण इथं तर अख्खी तांबटआळी सकाळी सहाला कामाला लागत होती. तक्रारी झाल्या तसे मकबूलभाई दर रविवारी बॉनेट उघडून बसायला लागले. रविवारी दुपारी बारापर्यंत गाडी गप्प व्हायची. सोमवारी सकाळी परत खट्-खट्. एका रविवारी त्यांनी सांगितलं की सहाव्या बोटाला खड्डा पडलाय. फट मोजायची पोलादी पत्ती खड्ड्यावरून पुलासारखी जाते, त्यामुळं माप बरोबर दाखवते, पण खालची फट जास्तच राहते. गल्लीनं माना डोलावल्या. जुन्या सामानाच्या बाजारातून दुसरं बोट आणून बसवलं. सोमवारी खट्-खट्. साळुंके म्हणाले, आता यांचा कान गेला. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

शेवटी साळुंक्यांनी पुण्याला यास्मिनला फोन लावला. ती आली. वडिलांनी आपल्याकडं पुण्याला यावं म्हणून ती तशीही आई गेल्यापासून मागं लागली होती. खुलताबादच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला उभी करायला जुनी गाडी हवी होती. त्याला तिनं पुढच्या सोमवारी नऊला बोलावलं. मग आम्हा चार जणांच्या देखत तिनं वडिलांना सांगितलं, "अब्बू, सोमवारी सकाळी गाडी गप्प असली तर गाडी बी इथंच, तुम्ही बी इथंच. मी परत विषय काढणार नाय. वाजली, तर हॉटेलवाला गाडी नेईल आणि मी तुम्हाला नेईन."

मकबूलभाई म्हणाले, "हौ."

त्या रविवारी साक्षीदार म्हणून गल्लीनं मला बसवलं. का, तर मी मोजणी खात्यातला. मकबूलभाईंनी इंजिन गरम करून बंद केलं, वरचं झाकण काढलं. आत आठ बोटं एका ओळीत, तेलानं चकचकीत. माझ्या हातात त्यांनी गाडी फिरवायचं लोखंडी हँडल दिलं.

"फिरवा. आठवा वाल पूर्ण दबला की थांबा. तवा पहिला एकदम मोकळा असतो. त्याचं माप घ्यायचं."

"आणि दुसऱ्याचं?"

"सातवा दबला की. तिसऱ्याचं सहावा दबला की. बेरीज नेहमी नऊ. नऊ चुकली की समजा काम गेलं."

अठ्ठावीस वर्षं मी शेतांच्या हद्दी मोजतोय, पण एवढा सरळ हिशेब मला कुठल्या गटात सापडला नाही. मी हँडल फिरवत होतो आणि मोठ्यानं बेरजा म्हणत होतो. मकबूलभाई पान्यानं नट ढिला करायचे, स्क्रूड्रायव्हरनं मळसूत्र जरासं फिरवायचे, पातळ पत्ती फटीत सारायचे. पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. पत्ती ओढताना ते डोळे मिटायचे. "ओढ लागली पायजे, ओरखडा नाय," म्हणायचे. मलाही एकदा ओढायला दिली. मला ओढ आणि ओरखडा दोन्ही सारखेच लागले. त्यांनी पत्ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुसली.

साडेअकराला गाडी सुरू केली. मांजर घुरघुरावं एवढाच आवाज. गल्ली जमली, साळुंक्यांनी बॉनेटवर कान ठेवून पाहिला, टाळ्या वाजल्या. सुनीतानं सगळ्यांना पोहे दिले. मी जेवलो आणि विजयी मुद्रेनं झोपलो.

तीनला पाणी आलं. आमच्या शहरात पाणी आलं की माणसाला गच्चीवर जाऊन टाकी बघावी लागते, मग ती झोप कितीही गोड असो. गच्चीवरून शेजारचं अंगण दिसतं. अँबेसेडरचं बॉनेट उघडं होतं. झाकण बाजूला काढून ठेवलं होतं. आणि मकबूलभाई पान्यानं टॅपेट ढिले करत होते.

मी अनवाणी खाली गेलो. सकाळभर हँडल फिरवून माझे खांदे दुखत होते, त्यामुळं रागही चांगलाच आला होता.

"मकबूलभाई, काय करताय?"

पाना थांबला. "ढिला करतोय."

"दर रविवारी तुम्हीच करता?"

"हौ."

"अहो, कशाला? उद्या हॉटेलवाला येतोय!"

त्यांनी हात पुसले आणि मला ओट्याच्या पायरीवर बसवलं. "साब, आत्ता काय ऐकू येतंय?"

रविवारची दुपार. सगळी गल्ली झोपलेली. "काहीच नाही," मी म्हणालो.

"मला येतंय." त्यांनी कानावर बोट ठेवलं. "सूंऽऽ. बारीक. थांबतच नाय. कारखान्यात सगळे कानात बोळे घालायचे. ऐकणाऱ्यानं कसे घालायचे? तवापासनंच असंल. पण मला मालूमच नव्हतं. तिथं इंजिनं चालू, घरी नसीम चालू. ती गेली, पाहुणे गेले, दार लावलं आणि हे ऐकू आलं. मला वाटलं फ्रिज. फ्रिजवर फुली मारली. मग वाटलं पंखा. मग वाटलं मीटर. मेन स्विच पाडला, अंधारात स्क्रूड्रायव्हर घेऊन भिंतीला कान लावत फिरलो. सगळं बंद, तरी येतंय. तवा कळलं, रिवर्क माझंच हाय."

मी त्यांच्या बाजूला सरकलो.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दवा नाय म्हणे. दुसरा आवाज लावून ठेवा म्हणे, रेडिओ लावा. लावला. पण रेडिओवाला थांबत नाय हो. मी हौ म्हणेपर्यंत तो पुढं जातो." त्यांनी कापडानं पाना पुसला. "लई बोलती म्हणून वैतागायचो मी तिच्यावर. तिच्यामुळं मला हे ऐकू येत नव्हतं. तिला बी मालूम नव्हतं, मला बी नाय. टॅपेट ढिला सोडला की सकाळी अर्धा घंटा हे झाकून जातं. तेवढ्यात चाय पिऊन घेतो."

मला माझी लाज वाटली. सहा महिने मी या माणसाच्या नावानं उशी डोक्यावर दाबून घेत होतो. यास्मिनला का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाले, "ती लगेच नेईल. तिथं ती ऑफिसात, जावई ऑफिसात, खिडक्या बंद. लई शांत जागा हाय, साब." शांत हा शब्द त्यांनी फुली मारल्यासारखा उच्चारला.

गाडी वाजली तर पुणं, आणि गप्प केली तर हा आवाज. ते बराच वेळ त्या आठ बोटांकडं बघत बसले. मग उठले आणि त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं.

"फिरवा," ते म्हणाले. "आठवा."

सकाळी मोठ्यानं म्हटलेल्या बेरजा मी या वेळी मनातच म्हटल्या. शेवटचा नट आवळून झाल्यावर त्यांनी पाना आणि पत्ती कापडात गुंडाळली आणि माझ्याकडं दिली. "तुमच्याकडं राहू द्या. उद्यापर्यंत."

सोमवारी हॉटेलवाला आला, तो डिकीत कुंड्या किती मावतील याचा अंदाज घेतच आला. मकबूलभाईंनी चावी फिरवली. यास्मिन वडिलांकडं बघत होती, साळुंके घड्याळाकडं. गाडी घुरघुरत राहिली, अगदी मऊ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. यास्मिननं पदरानं डोळे पुसले आणि हॉटेलवाल्याला चहा विचारला. तो चहा पिऊन गेला. तिनं वडिलांच्या गोळ्या दोनदा समजावून सांगितल्या आणि तीही दहाच्या गाडीनं पुण्याला गेली. गल्ली आपापल्या ऑफिसांना पांगली.

मी स्कूटर बाहेर काढली तेव्हा मकबूलभाई ओट्यावर एकटे बसले होते. हातातला चहा तसाच होता. अंगणात पानसुद्धा हलत नव्हतं.

"साब, उशीर होतोय काय?"

"नाही," मी म्हणालो. होत होता. मोजणीला दोन गावची माणसं येऊन बसली असणार होती. मी स्कूटर स्टँडला लावली आणि ओट्यावर जाऊन बसलो.

"बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काय बी. ऑफिसातलं बोला."

माझ्या ऑफिसातलं आजवर माझ्या घरीसुद्धा कुणी विचारलेलं नाही. मी चाचरतच सुरुवात केली. दोन सख्ख्या भावांच्या हद्दीवर एक विहीर होती आणि तिची मोजणी मी तीनदा केली होती. दर वेळी विहीर थोडी थोरल्याकडं सरकायची, कारण थोरला आदल्या दिवशी हद्दीचा दगड हलवून ठेवायचा. चौथ्या वेळी मी आणि धाकटा पहाटेच जाऊन बांधावर दबा धरून बसलो. इथवर सांगितलं आणि मला वाटलं, पुरे झालं, कंटाळले असतील. मी थांबलो.

मकबूलभाईंचे डोळे मिटलेले होते. ते तसेच माझ्याकडं वळले.

"मग? धाकट्यानं काय केलं?"

मी चप्पल काढून ओट्यावर मांडी घातली आणि त्यांना पुढचं सांगायला लागलो.